एरंडेलची तीन चित्रं

आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे एरंडेल म्हणतात. नाव मी ठेवलं. कामावर आला त्या पहिल्याच दिवशी तो आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला, चार टेबलं, सहा बायका आणि एक पंखा असं सगळं नजरेखालून घातलं, आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून परत गेला. मी म्हटलं, हे एरंडेल कुठून आणलं मालकांनी? दुपारपर्यंत नाव खालच्या इस्त्रीखात्यापर्यंत पोचलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत तो माणूस मला एकदाही आवडलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको.

त्याची खोली जिन्याखाली. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत एक टेबल, मेलेल्या कीबोर्डांचा ढीग, भिंतीत एक खिळा आणि खिळ्याला झाकणाचा स्टीलचा मग. त्या मगाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला चालत नाही. जेवायला बरोबर साडेबाराला बसणार, एकटा, भिंतीकडे तोंड करून. कोणी वाढदिवसाचा केक नेऊन दिला तर 'ठेवा' म्हणणार, आणि संध्याकाळी केक तिथेच, तसाच. काही बिघडलं म्हणून बोलावलं की पेन्सिल आणि वही घेऊन येणार, न विचारता तुमच्या हातातून माउस काढून घेणार आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काय केलंत?"

काय झालं, असं नाही. काय केलंत. जणू आम्ही सकाळी उठून हाच उद्योग ठरवून येतो. या दोन शब्दांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्हणायचे, आम्ही काही केलं नाही, आपोआप झालं. तो वहीत काहीतरी लिहायचा. बहुतेक तेच लिहीत असणार, की म्हणे आपोआप झालं.

आमचं खातं नमुन्यांचं. कारखान्यात गणवेश शिवतात, दवाखान्यातल्या नर्सचे, हॉटेलातल्या वेटरचे, यंत्रावरच्या कामगारांचे. कापड कापण्याआधी प्रत्येक तुकड्याचा पुठ्ठ्याचा नमुना लागतो: पाठ, पुढचे दोन भाग, बाही, कॉलर, खिसा. ते नमुने भिंतीवर खुंट्यांना टांगलेले असतात आणि खुंटीवर नंबर असतो. आमच्या खोलीचा एकच कायदा. नवा नमुना आला की जुन्याचा कोपरा कापायचा आणि तो तिथल्या तिथे भंगारात टाकायचा. नव्यावर तारीख घालायची. एका कपड्याचे दोन नमुने खोलीत एका वेळी दिसता कामा नयेत, कारण दिसले की कोणीतरी चुकीचा उचलतंच. फार पूर्वी असा एक जुना बाहीचा नमुना राहून गेला होता आणि चारशे कोटांच्या बाह्या दोन बोटं आखूड कापल्या गेल्या. तेव्हापासून हा कायदा आहे, आणि तो केला माझ्या ताईने.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. खात्याची मुख्य तीच. मला या कामाला तिनेच लावलं, लाकडी पट्टीने बोटांवर मारून मारून. नुसत्या नजरेनं माणसाचं माप सांगते. रस्त्यात एखाद्याचा सदरा पाहून म्हणेल, याची डावी बाही पाव इंच पुढे बसलीय, आणि खरंच बसलेली असते. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. तिचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि मोडलं.

दीड वर्षापूर्वी तिच्या मेंदूत गुठळी झाली. दोन महिन्यांत हात-पाय ताळ्यावर आले, बोलणं आलं, हिशोब आला, माझ्यावर ओरडणंसुद्धा आलं. एक गोष्ट गेली ती गेलीच. तिला वाचता येईना. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. गंमत अशी की लिहिता येतं. सही झोकात करते, पत्ता लिहिते, आणि मग तोच कागद तिच्यासमोर धरला तर म्हणते, काय लिहिलंय हे? डॉक्टर म्हणाले, असं होतं, फार क्वचित. आम्हाला काय करायचं होतं ते क्वचित घेऊन.

चित्रं मात्र लागायची. आकार लागायचे. पन्नास खुंट्यांवरचे नमुने ती पूर्वीसारखेच ओळखायची. म्हणजे पुठ्ठ्याचा जमाना असता तर तिचं काहीच अडलं नसतं. पण तोपर्यंत मालकांनी अर्धं काम कॉम्प्युटरवर आणलं होतं, आणि वर कोणाचं तरी ऐकून सगळे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टिमवर नेले होते.

आम्हाला तीन प्रोग्रॅम लागतात. एकात नमुना काढायचा, दुसऱ्यात ते तुकडे कापडावर कमीत कमी वाया जाईल असे मांडायचे, तिसऱ्यातून ते मोठ्या प्रिंटरवर खऱ्या मापाचे छापायचे. हे तिन्ही प्रोग्रॅम सुट्या फाइलींच्या रूपात येतात. एक प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल. बसवायची भानगड नाही; फोल्डरमध्ये ठेवायची, चालायची परवानगी द्यायची, डबल क्लिक करायचं, चालू. ऐकायला सोपं. पण अशा फाइलीचं चित्र तिच्या पोटात असतं आणि कॉम्प्युटर पोटात डोकावून बघत नाही. त्यामुळे तिन्ही फाइलींवर एकच चित्र दिसायचं, करड्या रंगाचं दातेरी चाक. प्रोग्रॅम उघडला की स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरही तेच चाक. तीन उघडले की तीन चाकं, हुबेहूब. आम्ही नाव वाचायचो. ताईने काय वाचायचं?

एकदा तिने काढलेला नमुना चुकून मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केला आणि आठ तासांचं काम मातीत गेलं. त्या दिवशी ती टेबलावर डोकं टेकून बसली. चाळीस वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. मग मी रोज सकाळी तिचे प्रोग्रॅम उघडून द्यायला लागले, मधेमधे उठून बदलून द्यायला लागले. मॅनेजरबाईंनी दोन आठवडे बघितलं आणि म्हणाल्या की दोघींनी मिळून एकीचं काम करणं मला चालणार नाही.

तेव्हा एरंडेलला बोलावलं. नाइलाज म्हणून बोलावलं. त्याने ताईचा माउस काढून घेतला, काय केलंत विचारलं, आणि ताईने त्याला सरळ सांगितलं की मला वाचता येत नाही. खात्यात हे मॅनेजरबाई आणि मी सोडून कोणाला माहीत नव्हतं. मला धडकीच भरली. त्याने वहीचं कोरं पान उघडलं. मग विचारलं, "काय दिसलं की ओळखाल?"

ताई म्हणाली, काढायच्या प्रोग्रॅमला बाही, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा बाही काढायला शिकली. मांडायच्या प्रोग्रॅमला कापडाचा तागा. छापायच्या प्रोग्रॅमला कात्री, कारण छापलं की पुढे कापायचंच असतं. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः काढलेली तीन चित्रं घेऊन आला. बाही मेलेल्या माशासारखी. मी तोंडावर हसले. ताईने त्याला बाहीचा घेर कुठे हवा ते बोट ठेवून दाखवलं आणि त्याने निमूटपणे दुरुस्त केला. माझं कोणी कधी असं ऐकलं नाही.

चित्रं त्या दिवशी दिसली आणि दुसऱ्या सकाळी गायब. पुन्हा तीन चाकं. त्याला बोलावलं तर कपाळावर हात मारून म्हणाला की चूक त्याची आहे. अशी फाइल चालू असताना कॉम्प्युटर तिला उघडून ठेवायला एक तात्पुरती जागा देतो, आणि प्रोग्रॅम बंद केला की ती जागा मोडून टाकतो. त्याने चित्रं घाईघाईत नेमकी त्या जागेत ठेवली होती. मग त्याने चित्रांसाठी वेगळं फोल्डर केलं, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक छोटी चिठ्ठीवजा फाइल लिहिली, आणि खालच्या पट्टीवर बाही, तागा, कात्री अशी रांग उभी राहिली. तेव्हापासून मी मनात पक्कं धरलं, की हा माणूस चुकतो.

पुढचे तीन आठवडे ताई राणीसारखी काम करत होती. मग महिन्याची एक तारीख आली आणि चित्रं गेली. त्याने येऊन परत लावली. पुढच्या एक तारखेला पुन्हा गेली. तिसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्यांदा तो वहीतून मान वर न करता म्हणाला की फोल्डरला कोणीतरी हात लावतंय.

माझं पित्त खवळलं. त्या टेबलावर बसतो कोण? ताई. म्हणजे हा म्हणतोय काय? मी सगळ्या खोलीसमोर त्याला सुनावलं, की जिला धड वाचता येत नाही ती तुमच्या फोल्डरात हात घालायला जाईल का, स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायची सवयच आहे तुम्हाला. बोलून गेले आणि मग लक्षात आलं की ताईचं गुपित मीच खोलीला सांगून बसले. इस्त्रीवाल्या मावशी दारात कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांच्या माना खाली. याचाही राग मी एरंडेलवरच काढला. तो मात्र वही मिटून निघून गेला.

त्याच आठवड्यात मॅनेजरबाईंनी ताईला बोलावून सांगितलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तिने नर्सच्या कोटाचा पूर्ण संच एकटीने करून दाखवायचा. बारा तुकडे, काढण्यापासून छापण्यापर्यंत, शेजारी कोणी बसणार नाही. जमलं तर मुख्य म्हणून राहील. नाही जमलं तर घरी. ताई मला म्हणाली, "घरी बसून मी काय करू गं? भिंती मोजू?"

मी ठरवलं, हा माणूस इथून गेला पाहिजे. मालकांच्या नावे तक्रार लिहिली: कॉम्प्युटर-दुरुस्तीत निष्काळजीपणा, बायकांशी उद्धट वागणूक, खात्याचं वारंवार नुकसान. पहिली सही माझी. मग बाकीच्या टेबलांवरच्या चौघींची. मुख्य म्हणून ताईची सही हवीच होती, तिच्याशिवाय त्या कागदाला काडीची किंमत नव्हती. ताई एरंडेलच्या विरुद्ध सही करणार नाही, हे मला माहीत होतं. ती म्हणायची, तोंड कसंही असो, माझ्याशी तो माणसासारखा बोलला. म्हणून मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, नव्या खुर्च्यांचा अर्ज आहे, तुझी पाठ दुखते ना. तिने झोकात सही केली.

मालकांनी आठ दिवसांत त्याला काढलं. त्याने खिळ्यावरचा मग काढला, वही पिशवीत टाकली आणि कोणाकडे न बघता गेला. ताईने विचारलं तेव्हा मी सांगितलं की दुसरीकडे काम लागलं असेल. तिच्या मनाला ते लागलं. म्हणाली, निदान जातो म्हणून सांगायचं तरी. आणि खुर्च्यांचं काय झालं गं?

मग एक तारीख आली. चित्रं गेली. आता बोलावणार कोणाला? मालकांनी आता बाहेरच्या, फोनवरून दुरुस्ती सांगणाऱ्या लोकांना काम दिलं होतं. तिथला एकजण म्हणाला, प्रोग्रॅम चालतोय ना मॅडम, मग आयकॉनचं काय एवढं, ती तर शोभेची वस्तू. फारच मागे लागले तेव्हा म्हणाला की जुन्या चिठ्ठ्यांच्या फाइली उडवा आणि नव्याने करा. मी उडवल्या. नव्याने करता आल्या नाहीत. एकदा बाही आली, त्यावर क्लिक केलं तर प्रोग्रॅम उघडला आणि बाहीच्या शेजारी पुन्हा एक करडं चाक येऊन बसलं. ताई ते बघून म्हणाली, ही दोन का झाली? गुरुवारला चार दिवस उरले होते.

रविवारी सकाळी नाक मुठीत धरून मी एरंडेलच्या घरी गेले. सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराशी चपला एका ओळीत लावलेल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला आत घेतलं, बसा म्हणाली, आणि मग उभ्याउभ्याच माझी अशी काही खरडपट्टी काढली की विचारू नका. अकरा वर्षांत एक रजा जास्त घेतली नाही, आणि तुम्ही पाच-सहा जणींनी मिळून त्यांची ही गत केलीत, वर आता तोंड घेऊन आलात. शेवटी ती म्हणाली, "बाकीच्यांचं त्यांना काही वाटलं नाही. तुमच्या ताईंची सही बघितली आणि दोन दिवस हा माणूस जेवला नाही."

एरंडेल आतल्या खोलीच्या दारात उभा होता. बनियनवर, तेच तोंड. मी गुरुवारचं सांगितलं. त्याने हात पुढे केला. मी पेनड्राइव्ह दिला. त्याने तो आपल्या लॅपटॉपला लावला, फोल्डर उघडलं आणि फाइलींची नावं एकेक करून वाचली.

"ही नावं कोणी दिली?"

मी म्हटलं, मी. दर महिन्याच्या एक तारखेला तिन्ही प्रोग्रॅमची नवी फाइल येते. मॅनेजरबाईंनी ते काम मला सांगितलंय. मी नवी फाइल ठेवते आणि तिला तारीख घालते, नमुन्यांना घालतो तशी.

"आणि जुन्या?"

"टाकून देते. आमच्यात दोन ठेवत नाहीत."

बोलता बोलताच मला कळायला लागलं होतं, पण तोंड थांबेना. त्याने हसावं, ओरडावं, निदान टेबलावर मूठ तरी आपटावी, असं मला वाटलं. त्याने बायकोकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. मग शांतपणे सांगितलं. चित्रामागे जी चिठ्ठी असते तीत लिहिलेलं असतं की प्रोग्रॅम अमुक फोल्डरात अमुक नावाने आहे. मी एक तारखेला त्या नावाची फाइल टाकून द्यायचे आणि वेगळ्या नावाची आणून ठेवायचे. चिठ्ठीला आपली फाइल सापडायची नाही आणि चित्र पट्टीवरून निघून जायचं. मग मी मदत म्हणून फोल्डरात जाऊन फाइलीवर थेट डबल क्लिक करायचे, की आलं करडं चाक. कोणीतरी हात लावतंय, असं तो म्हणाला होता. तो हात माझा होता.

"तुम्ही नमुना बदलता," तो म्हणाला, "खुंटी उपटता का?"

मला वाटलं, आता हा बसेल आणि करून देईल. नाही. त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला की तो हात लावणार नाही, मीच लिहायचं. अकरा वर्षं ज्याने आमच्या हातातून माउस काढून घेतला त्याने त्या दिवशी हात मागे बांधले. चिठ्ठीत तीन गोष्टी नीट हव्यात. प्रोग्रॅम कुठे आहे, पूर्ण पत्त्यासकट, आणि नाव कायमचं एकच, तारीख-बिरीख नाही. नवी फाइल आली की तिला तेच जुनं नाव द्यायचं. चित्र कुठे आहे, तेही पूर्ण पत्त्यासकट, तात्पुरत्या जागेत नाही. आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे बाहीशेजारी चाक येऊन बसलं होतं: प्रत्येक विंडो उघडली की आपलं एक नाव सांगते, ते फाइलीच्या नावापेक्षा वेगळं असतं, आणि चिठ्ठीत ते जसंच्या तसं लिहिलं नाही तर कॉम्प्युटरला ही विंडो त्या चित्राची आहे हे कळत नाही. ते नाव काढायची एक कमांड आहे. ती दिली की माउसचा बाण बेरजेच्या खुणेसारखा होतो, विंडोवर क्लिक करायचं, की ती नाव सांगून मोकळी.

त्याने माझ्याकडून तिन्ही चिठ्ठ्या तीनदा लिहून घेतल्या. चुकले की 'पुन्हा'. ताईच्या लाकडी पट्टीची आठवण झाली. त्याच्या बायकोने मधे चहा आणून ठेवला, माझ्यासमोर जरा जोरातच. निघताना मी म्हटलं, मी मालकांना लिहून देईन. तो म्हणाला की लिहायचं असेल तर लिहा, त्याच्यासाठी नको. आणि दार लावून घेतलं. खुर्च्यांबद्दल मी त्याला सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी मी चिठ्ठ्या लिहिल्या. बाही, तागा, कात्री. प्रत्येकावर क्लिक करून बघितलं. शेजारी चाक आलं नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी होती. ताई आली, तिने पट्टीकडे बघितलं आणि पदराने स्क्रीन पुसला. स्क्रीन काही मळला नव्हता.

गुरुवारी मॅनेजरबाई स्टूल घेऊन खोलीच्या मधोमध बसल्या. मी माझ्या टेबलावर एकच खिसा कापत होते, कापलेलाच पुन्हा कापत होते. ताईने बाही उघडली, दुपारपर्यंत बारा तुकडे काढले. तागा उघडला, तुकडे मांडले, एक कॉलर नीट बसेना म्हणून परत बाहीकडे गेली, दुरुस्त करून परत ताग्याकडे आली, एकदाही न चुकता. चार वाजता कात्रीवर क्लिक केलं आणि मोठा प्रिंटर घरघरायला लागला. मॅनेजरबाईंनी टेप घेऊन स्वतः मापं तपासली. मग स्टूल उचललं आणि जाता जाता म्हणाल्या की उद्या वेटरच्या जाकिटाचं घ्या.

ताई त्या संध्याकाळी हसत होती. म्हणाली, तो एरंडेल सांगून गेला नाही, पण चित्रं अशी करून गेला की बघ. मी ताट उचललं आणि भांडी घासायला गेले.

शुक्रवारी मी मालकांना पत्र लिहिलं. चूक माझी होती, फाइली मी टाकत होते, तक्रार परत घेते. चौघींच्या सह्या घेतल्या. चौघी एकमेकींकडे बघत होत्या, पण सह्या केल्या. मग ताईपुढे कागद ठेवला. तिने विचारलं, कशाचा? मी सांगितलं की एरंडेलला परत घ्या म्हणून. परत घ्या म्हणजे, ती म्हणाली, त्याला काढलं होतं? तिने पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खुर्च्या आल्या नाहीत म्हणून मी तुला दोनदा विचारलं."

मी म्हटलं, ताई, तुझ्यासाठीच केलं. तिने मला पुढे बोलू दिलं नाही. कागद उचलला आणि इस्त्रीवाल्या मावशींना हाक मारली. मावशींना म्हणाली, हे मोठ्यांदा वाचा. मी म्हटलं, मी वाचते ना. ती म्हणाली, "तू नको."

मावशींनी चष्मा लावून, अडखळत, सगळं वाचलं. वाचून झाल्यावर ताईने मला पेन दिलं आणि म्हणाली, खाली आणखी एक ओळ लिही, की माझी सही खुर्च्यांचा अर्ज म्हणून घेतली होती. मी लिहिली. तिने ती ओळही मावशींकडून वाचून घेतली. मग सही केली.

एरंडेल पंधरा दिवसांनी परत आला. स्टीलचा मग पुन्हा खिळ्याला लागला. तोंड तेच. मी एकदा जिन्याखाली वाकून जाऊन म्हटलं की चुकलं माझं. त्याने 'ठेवा' म्हटलं, केकला म्हणतो तसं. आता आम्ही एकमेकांशी बोलत नाही. काही बिघडलं तर तो येतो, माउस माझ्या हातातून काढून घेतो आणि काय केलंत विचारतो, आणि मी काय केलं ते सांगते.

ताई माझ्याशी बोलते. जेवायला वाढते, पाठ चोळून घेते, पूर्वीसारखी ओरडतेसुद्धा. पण घरी आलेलं पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचं खोकं, मॅनेजरबाईंचा कागद, जे काही वाचायचं असेल ते ती पर्समध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी साडेबाराला ते घेऊन उठते, माझ्या टेबलावरून पुढे जाते आणि वाकून जिन्याखाली शिरते. तो डबा बाजूला सारून तिला सगळं वाचून दाखवतो. मग ती येऊन जागेवर बसते, आणि मी तिला विचारत नाही काय लिहिलं होतं.